पहिल्या बसच्या आधीचा तास

भिंगरीने फळ्यावरचं उदाहरण सोडवलं आणि गणिताचे सर खडू हातात धरून नुसते बघत राहिले. पुस्तकातली वाट सोडून ही पोर भलत्याच बाजूने आत शिरली होती. मधल्या पायऱ्या तिने चक्क गिळल्या होत्या. आणि तरीही उत्तर मात्र जिथे यायला हवं तिथे, मांडी घालून बसल्यासारखं, येऊन बसलं होतं.

"हे कोणी शिकवलं तुला?" सरांचा आवाज मुळातच दणदणीत. त्यांनी नुसतं 'बसा' म्हटलं तरी शेजारच्या वर्गातली मुलं बसायची.

"कोणी नाही सर. ते उलट्या बाजूने सोपं दिसत होतं, म्हणून मी तिकडून गेले."

वर्गात खसखस पिकली. भिंगरीचे कान तापले, पण ती हसली. मागच्या वर्षीची भिंगरी असती तर फळ्यापर्यंत आलीच नसती. घरात अखंड बडबड, हातवारे, एका जागी पाय ठरत नाही, म्हणून आईने तिला भिंगरी नाव ठेवलं. पण शाळेच्या फाटकातून आत शिरली की पोरीच्या तोंडाला कुलूप. ते कुलूप यंदा कसं कोण जाणे, आपोआप निघालं होतं. बहुतेक गणितानेच काढलं. उत्तर येत असताना गप्प बसायचं म्हणजे शिंक दाबून धरण्यासारखं. किती वेळ दाबणार?

"मग तू प्रगत गणिताला का नाहीस?" सर म्हणाले.

प्रगत गणित म्हणजे शाळेतला सगळ्यात अवघड वर्ग. दोन वर्षं चालायचा. तो केलेला असला की पुढे इंजिनिअरिंगची, विज्ञानाची कॉलेजं मानाने आत घ्यायची. तो भरायचा भल्या सकाळी, शाळा सुरू होण्याच्याही आधी, म्हणून सगळे त्याला शून्य तास म्हणायचे. यंदाचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. येत्या सोमवारी नावं पक्की होणार, आणि मग दोन वर्षं दार बंद.

भिंगरी काही बोलायच्या आत सरांनीच मान हलवली. "नदीपलीकडची ना तू? हं. पलीकडून कोणी येतच नाही. इतकी वर्षं बघतोय. त्या बाजूच्या मुलांना आवडच नसते, त्याला आपण काय करणार!"

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. आज ढग आलेत असं म्हणावं, तसं म्हटलं. आणि म्हणूनच ते भिंगरीला जास्त झोंबलं.

"आवड असते सर," ती म्हणाली. "बस नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे पलीकडून निघणारी पहिली बस इथे फाटकाशी येते ना, तेव्हा तुमचा शून्य तास संपत आलेला असतो. आम्ही येतो तेव्हा तुम्ही फळा पुसत असता. मी रोज बघते खिडकीतून."

सरांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पायी येणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसचा विचार कुठून यायचा?

*

आता गंमत अशी, की ती पहिली बस चालवायची खुद्द भिंगरीची आई.

"आई," जेवताना भिंगरीने लाडात सुरुवात केली, "तू उद्यापासून बस जरा लवकर काढशील?"

"काढते की. अंगणात बांधून ठेवलीये ना माझी!"

"थोडीशीच गं लवकर."

"अगं, बस काय माझ्या माहेरची आहे? डेपोचं फाटक उघडलं की ती निघते. माझ्याआधी फाटकवाला उठायला हवा, त्याच्याआधी त्याचा साहेब, आणि साहेबाला उठवायला त्याच्या बायकोला सांगायला हवं. सांगतेस?"

बाबा भाजी वाढता वाढता हसले. ते इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर चादरी झटकून झटकून त्यांचं हसणंही तसंच, एका झटक्यात यायचं. "सांगेल ही. हल्ली हिचं काही सांगता येत नाही."

पण आईने हसता हसता हातातला घास खाली ठेवला. "खरंच सर म्हणाले? प्रगतला का नाहीस म्हणून?"

"सगळ्यांसमोर!"

आईने ताट बाजूला सारलं. मग उठून शेजारच्या पेपरवाल्या काकांचं दार ठोठावून आली. काकांची व्हॅन पहाटेच पूल ओलांडायची. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये एका माणसापुरती फट निघत होती. "पण या आठवड्यापुरतंच हं," काकांनी बजावलं होतं. "पुढच्या आठवड्यापासून मला वाटपाला दुसरी बाजू दिलीये."

तेवढं तर तेवढं! भिंगरीला त्या रात्री आकाश ठेंगणं झालं.

*

दुसऱ्या दिवशी ती शाळेत पोचली ती शाईचा वास घेऊनच. गालावर एक मथळा उमटला होता, तो पहारेकऱ्याने वाचून दाखवला आणि तिने थुंकी लावून पुसला. मग धावत जिना चढून ती शून्य तासाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

तिला वाटलं होतं, आत सगळे कसे तरतरीत, चष्मे लावून, एकमेकांशी आकड्यांत बोलत असतील.

आत सगळे जांभया देत होते.

एक मुलगा डोकं बाकावर टेकून चक्क घोरत होता. पहिल्या बाकावरची जलपरी, म्हणजे शाळेची पोहण्यातली विजेती, डोळे मिटून सफरचंद खात होती. मागची अर्धी बाकं रिकामी. आणि सर? ज्यांच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, ते सर थर्मासमधून कॉफी ओतत होते आणि कप कुठे आहे हे त्यांना नीट दिसत नव्हतं.

पण सरांनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली आणि भिंगरीला बाकीचं काही दिसेनासं झालं. असंही गणित असतं? एखादी रेघ वाकत जाते, वाकत जाते, आणि नेमकी एका क्षणी ती किती वेगाने वाकतेय हे सांगता येतं! तिला अर्धंच कळलं. जे कळलं त्याने अंगावर काटा आला, आणि जे कळलं नाही त्याने त्याहून मोठा.

मधल्या सुट्टीत ती जिराफला गाठून हे सगळं एका दमात सांगत सुटली. जिराफ म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. वर्गात सगळ्यात उंच, त्याच वस्तीतली, त्याच बसची. गणितात भिंगरीच्या तोडीस तोड, फक्त सावकाश. भिंगरी उड्या मारत उत्तरापर्यंत जायची, जिराफ प्रत्येक पायरीवर पाय ठेवून.

"व्हॅनमध्ये अजून एक जण मावेल?" जिराफने विचारलं.

"नाही गं. मीच कशीबशी मावले."

"बरं. मग रोज मला येऊन सांग काय काय झालं ते."

एवढंच. फुरंगटणं नाही, टोमणा नाही. भिंगरीला वाटलं, त्यापेक्षा हिने एक रट्टा घातला असता तर बरं झालं असतं. आणि सोमवारपासून तर भिंगरीलाही व्हॅन नव्हतीच. मग दोघी कोणाला सांगणार, काय काय झालं ते?

ती तडक शिक्षकांच्या खोलीकडे निघाली. "कुठे?" जिराफ लांब ढांगा टाकत मागे आली.

"सरांना विचारायला, की हा तास सकाळीच का असतो."

"अगं, ओरडतील!"

"ते नुसतं बोलले तरी ओरडल्यासारखंच वाटतं. फरक कुठे कळणार आहे?"

*

"सकाळीच का म्हणजे?" सर म्हणाले. "मुलांना सकाळी हवा असतो म्हणून! ताजं डोकं, शांत शाळा. मुख्याध्यापिका बाईंनीच सांगितलंय तसं."

"आणि तुम्हाला, सर? तुम्हाला आवडतं सकाळी?"

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांच्यापुरतं हळू, म्हणजे दारापर्यंतच ऐकू जाईल इतपत, ते म्हणाले, "अगं, माझ्यासारखा उशिरा उठणारा माणूस साऱ्या गावात नसेल. मी तुमच्यासाठी उठतो!"

जलपरी वह्या द्यायला आली होती. ती जागच्या जागी थबकली. "आमच्यासाठी? सर, आम्ही तुमच्यासाठी उठतो! आम्हाला वाटलं, तुमचं डोकं सकाळीच चालतं."

"माझं?" सर म्हणाले. "सकाळी?"

भिंगरीने जिराफकडे पाहिलं, जिराफने भिंगरीकडे. मग ही सगळी वरात, पुढे भिंगरी, मागे जिराफ, जलपरी आणि भांबावलेले सर, मुख्याध्यापिका बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कशाला ठरवेन? सरांनाच सकाळची वेळ प्रसन्न वाटते, असं मी पहिल्यापासून ऐकत आलेय. मी रुजू झाले तेव्हा तास सकाळीच होता."

मग कोणाला तरी आठवलं, जुन्या शिपाईकाकांना विचारावं. ते किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले आणि त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "छप्पर बदलत होते ना तेव्हा! दिवसभर ठोकाठोकी. गणितवाल्यांना काही ऐकू येईना, म्हणून त्या वर्षापुरता तास सकाळी घेतला."

"आणि छप्पर कधी झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं की. आता पुन्हा गळायला लागलंय."

भिंगरीला हसू फुटत होतं आणि रडूही. छप्पर कधीच बदलून झालं. ठोकणारे गेले, आणि तास मात्र तिथेच राहिला, एकेक जण दुसऱ्याच्या भिडेखातर उठत, जांभया देत, कॉफी सांडत. आणि नदीपलीकडच्या किती मुलांच्या नावापुढे 'आवड नाही' असं लिहिलं गेलं, कोणीही न लिहिता!

"मग बदलू या?" भिंगरी म्हणाली.

तिला वाटलं, झालं आता. पण बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे हो म्हणायची तयारी नव्हती. "एवढं सोपं नसतं, बाळ. निकाल चांगले लागतायत. चालू गाडीला खीळ घालायची नाही. आणि दार तर सगळ्यांना उघडंच आहे. आम्ही कोणाला अडवलंय का?"

"नाही बाई," भिंगरी म्हणाली. तिची जीभ भलतीच खंबीर निघाली. "दार उघडंच असतं. फक्त आम्ही पुलावर असताना उघडं असतं."

सर खोकले. खरं म्हणजे ते हसू होतं.

"शाळा सुटल्यावर घेऊ," सर म्हणाले.

"सर, नको!" जलपरी एकदम ओरडली. "शाळा सुटल्यावर माझा सराव असतो. मी सकाळी मरत मरत उठते, पण उठते. संध्याकाळी ठेवलात तर मला सोडावं लागेल." तिचे डोळे भरून आले. भिंगरीला तिचा राग येईना. एकीला आत घ्यायचं म्हणून दुसरीला बाहेर काढायचं, असलं गणित तिला मांडायचंच नव्हतं.

"जेवणानंतरचा वाचन तास," जिराफ सावकाश म्हणाली. "आपल्या चारही तुकड्यांना तेव्हा एकदमच वाचन तास असतो. आणि कोणीही वाचत नाही."

"कोण म्हणतं वाचत नाही?"

मागून आवाज आला आणि सगळे गर्रकन वळले. दारात ग्रंथपाल मॅडम उभ्या होत्या. मॅडम म्हणजे वाळूवरून मांजर चालावं तशा चालायच्या आणि पानाची सळसळही त्यांना गोंगाट वाटायची. वाचन तास म्हणजे त्यांचं राज्य.

"मॅडम, फक्त प्रगतवाल्यांनाच मोकळं..." सरांनी सुरुवात केली.

"माझ्या तासाला मुलं माझ्या डोळ्यांसमोर बसतील," मॅडम म्हणाल्या. "वाचनालयातच. काय करायचं ते तिथे करा. गणितही वाचनच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण आवाज होता कामा नये."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"म्हणजे मी कुजबुजत शिकवायचं?" सर गरजले.

"श्श!" मॅडम म्हणाल्या.

शेवटी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे. सोमवारी एक दिवस करून बघू. पलीकडची मुलं खरोखर आली, वर्ग भरला, तर वेळ बदलली. नाही आली, तर पुन्हा सकाळ, आणि दोन वर्षं हा विषय माझ्यापुढे आणायचा नाही. कबूल?"

"कबूल!" भिंगरी म्हणाली, आणि बाहेर येऊन जिराफच्या दंडाला लटकली. "अगं, मी काय बोलून बसले?"

*

कारण पलीकडच्या मुलांना आणणं हे काही खायचं काम नव्हतं. शुक्रवारी व्हॅन सोडून भिंगरी मुद्दाम बसने निघाली, तेव्हा तिने ते पुरतं अनुभवलं. दांडीला धरून ती या सीटवरून त्या सीटकडे फिरत होती.

"आपल्याला नाही झेपणार," एक जण खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"तिथली मुलं हसतील."

"इतकी वर्षं नव्हतो आपण तिथे, तर काही अडलं का?"

"ए भिंगरी, तू हुशार आहेस, तू जा. आम्हाला कशाला ओढतेस?"

"मला अर्धं कळलं नाही!" भिंगरी ओरडली. अख्खी बस वळून बघायला लागली. "पहिल्या दिवशी निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. आणि खरं सांगू? तिथल्या निम्म्यांच्याही डोक्यावरून गेलं. फक्त ते मान हलवतात. आपण मान हलवायला शिकलो नाही, म्हणून आपल्याला वाटतं आपण ढ!"

"बसमध्ये भाषणं बंद!" पुढून आईचा आवाज आला. "दांडी धर आणि गप्प उभी राहा."

"आई, पण..."

"ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाचता येते ना, गणितवाली?"

सगळे खो खो हसले. भिंगरीचा चेहरा पडला. घरी ठीक आहे, पण इथे, सगळ्यांसमोर? ती दांडी धरून मुकाट्याने उभी राहिली. बस पुलावरून खाली उतरली, वळली. मग ध्वनिक्षेपकात खरखर झाली आणि आईचा तो नेहमीचा, सगळ्या थांब्यांना सारख्याच मायेने पुकारणारा आवाज घुमला:

"पुढचा थांबा, शाळा. सोमवारी जेवणानंतर प्रगत गणित, वाचनालयात. बस वेळेवर पोचेल, याची जबाबदारी ड्रायव्हरची. आत जाण्याची जबाबदारी प्रवाशांची. उतरताना घाई करू नये, आणि उतरल्यावर घाबरू नये."

मग मागच्या सीटवरून कोणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या, आणि बाजाराला निघालेले एक आजोबा शेजाऱ्याला विचारू लागले, "मला पण जाता येईल का हो?"

भिंगरीने आरशात पाहिलं. आरशातली आई रस्त्याकडे बघत होती, अगदी गंभीर चेहऱ्याने, पण गालाला खळी पडली होती.

*

सोमवारी जेवणाची सुट्टी संपली तेव्हा भिंगरी वाचनालयात पहिली. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. जलपरी आली. सकाळचे सगळे आले, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडे होते. जिराफ आली, दारात डोकं आपटून. मग कोणीच नाही.

घड्याळाकडे बघायचं नाही, असं भिंगरीने ठरवलं आणि घड्याळाकडेच बघत राहिली.

मग जिन्यावर पावलं वाजली. खिडकीबाहेर बघणारा तो मुलगा आला, जणू चुकून आल्यासारखा. त्याच्यामागे 'अडलं का'वाली. तिच्यामागे अजून दोघी, एकमेकींना पुढे ढकलत. मग एक घोळकाच. खुर्च्या संपल्या. मॅडमनी न बोलता शिड्यांच्या पायऱ्यांकडे, खिडकीच्या कठड्यांकडे बोट दाखवलं. पुस्तकांच्या कपाटांमध्ये, खाली जमिनीवर, जिथे जागा मिळाली तिथे मुलं बसली.

सरांनी तोंड उघडलं, मॅडमकडे पाहिलं, तोंड मिटलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते कुजबुजले.

आणि काय झालं, सगळे पुढे सरकले! ओरडणाऱ्या माणसाचं कोण कशाला कान देऊन ऐकतं? पण कुजबुज म्हटली की कोणालाच राहवत नाही. सर म्हणजे जणू गुपित सांगत होते: ती वाकणारी रेघ, तो एक क्षण. एका बाजूने जवळ या, दुसऱ्या बाजूने जवळ या, अजून जवळ, अजून. सगळ्यांची डोकी एकमेकांना लागली. नदीअलीकडची कुठली आणि पलीकडची कुठली, हे मोजायला आता कोणी आलं असतं तर फसलं असतं.

"आता हे करून बघा," सर कुजबुजले आणि सोबत आणलेल्या लहान फळ्यावर उदाहरण लिहिलं.

"सर, मला पहिलंच नाही कळलं," खिडकीवाला मुलगा म्हणाला.

"मलाही," जलपरी म्हणाली. "मला तर आठवडाभर कळलेलं नाही." आणि तिने इतका मोठा श्वास सोडला, की मॅडमनीही श्श म्हटलं नाही.

सर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. जिराफ खिडकीवाल्या मुलाला पायरी पायरीने दाखवू लागली. भिंगरीने वही ओढली. उदाहरण अवघड होतं. सरळ जावं तर भिंत, उलट्या बाजूने जावं तर तिथेही भिंत. ती थांबली. पेन्सिलचं टोक चावलं. बाजूने कुठे फट आहे का? एक रेघ ओढली. खोडली. पुन्हा ओढली.

दार कधी उघडलं तिला कळलं नाही. बाई आत येऊन उभ्या राहिल्या, जमिनीवर बसलेल्या मुलांवरून जपून पाय टाकत फिरल्या, मॅडमशी काहीतरी बोलल्या, सरांशी काहीतरी बोलल्या, आणि गेल्या.

जिराफने तिचा दंड गदागदा हलवला. "भिंगरे! अगं, बाई हो म्हणाल्या! आता रोज इथेच! ऐकतेस ना?"

"थांब," भिंगरी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "थांब जरा. हे सुटतंय."